शेततळे, ठिबक, बियाणे की विमा? बदलत्या हवामानात शेतीवरचा निधी कुठे खर्चावा

मुंबईतील एका कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागात काम करणाऱ्या वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जालना जिल्ह्यातील काही कोरडवाहू गावे आणि रायगडच्या पेण-अलिबाग पट्ट्यातील काही भातशेतीची गावे त्यांनी निवडली आहेत. निधी तीन वर्षांसाठी आहे. संचालक मंडळाला शेततळी, ठिबक संच, सुधारित बियाणे आणि पीकविमा या चारांपैकी एक-दोन गोष्टींवर भर द्यायचा आहे. इतर विकसनशील देशांत यांपैकी काय टिकले आणि काय टिकले नाही, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे. पाणलोट विकास आणि कोरडवाहू शेती या क्षेत्रांत आयुष्याचा बराच काळ गेल्यामुळे या विषयावर माझी काही ठाम मते झाली आहेत, ती कारणांसह मांडतो.

या चारांपैकी कोणतीही गोष्ट मुळात चांगली किंवा वाईट नाही. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारावा: ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी हिचे काय होते, आणि त्या वेळी ती गावातल्या कोणाच्या उपयोगी पडते? प्रकल्पांच्या अहवालांत सरासरी वर्षातील उत्पन्नवाढीचे तक्ते असतात. परंतु शेतकरी बैलजोडी विकतो, सावकाराकडे जातो किंवा कुटुंब घेऊन ऊसतोडीला निघतो, ते सरासरी वर्षात नव्हे. हवामान बदलाला तोंड देणारी शेती म्हणजे वाईट वर्ष आले तरी ज्या घराला आपली साधनसंपत्ती मोडावी लागत नाही, त्या घराची शेती, असा व्यवहारी अर्थ मी घेतो आणि पुढचे सर्व विवेचन त्याच कसोटीवर करतो.

पावसात नेमके काय बदलले, हे आधी पाहिले पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळातील नोंदी तपासल्या गेल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात सुमारे तिपटीने वाढल्या, असे त्यातून दिसले. एकूण मोसमी पाऊस मात्र वाढलेला नव्हता. म्हणजे तेवढ्याच किंवा त्याहून कमी पाण्याचा मोठा वाटा थोड्या दिवसांत पडतो आणि उरलेल्या हंगामात खंड वाढतात. एप्रिल २०१६ मध्ये ज्या मराठवाड्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये उभी पिके पुराखाली गेली. हे दोन टोकांचे संकट आता वेगवेगळ्या वर्षांपुरतेही उरलेले नाही. एकाच सोयाबीनला ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांचा खंड सोसावा लागतो आणि काढणीच्या तोंडावर शेतात पाणी तुंबते. त्यामुळे केवळ दुष्काळावरचा किंवा केवळ अतिवृष्टीवरचा उपाय अर्धवटच ठरतो.

या दृष्टीने जालन्याच्या काळ्या जमिनीत पहिला खर्च कशावर करावा, याचे माझे उत्तर आपल्या यादीत नाही. ते म्हणजे रुंद सरी-वरंबा पद्धतीची पेरणी. काळ्या जमिनीतील पाण्याच्या व्यवस्थापनासाठी हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत या पद्धतीवर फार पूर्वीपासून काम झाले आहे. ट्रॅक्टरला जोडलेले बीबीएफ (ब्रॉड बेड फरो, म्हणजेच रुंद सरी-वरंबा) पेरणीयंत्र एका रुंद वरंब्यावर पिकाच्या तीन-चार ओळी पेरत जाते आणि दोन्ही बाजूंना सरी पाडत जाते. पाऊस कमी असेल तेव्हा सरीत अडलेले पाणी मुळांच्या थरात मुरते. पाऊस जास्त झाला की तीच सरी जादा पाणी शेताबाहेर काढून देते आणि वरंब्यावरची मुळे गुदमरत नाहीत. एकच रचना दोन्ही टोकांना उपयोगी पडते, म्हणून मी तिला पहिले स्थान देतो. बियाणेही कमी लागते. सरी उताराला आडवी, पण किंचित ढाळ ठेवून काढलेली असावी आणि तिच्या तोंडाशी पाणी सुरक्षित बाहेर पडण्याची सोय असावी. हे दोन तपशील प्रशिक्षणाच्या फलकावर लहान अक्षरांत असतात, आणि शेतात सर्वाधिक चुका याच दोन ठिकाणी होतात. यंत्र मिळाले नाही तर साध्या पेरणीनंतर दर चार ते सहा ओळींनी बळीराम नांगराने मृत (रिकामी) सरी काढली तरी बराचसा फायदा पदरात पडतो, आणि त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही.

अडचण यंत्राच्या किमतीपेक्षा वेळेची आहे. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येतो तो तीन-चार दिवसांपुरता, आणि सगळ्या गावाला त्याच तीन-चार दिवसांत पेरायचे असते. गावात एकच बीबीएफ यंत्र असेल, तर ते आधी ट्रॅक्टरवाल्याच्या, मग त्याच्या भाऊबंदांच्या शेतात जाते आणि लहान शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचेपर्यंत वाफसा निघून गेलेला असतो. म्हणून अवजार बँक काढताना यंत्रांची संख्या वाफशाच्या दिवसांवरून ठरवावी आणि क्रम पेरणीपूर्वी चिठ्ठ्या टाकून निश्चित करावा. महिला बचत गटाकडे अवजार बँक सोपवली तर क्रम अधिक काटेकोर पाळला जातो, असा माझा अनुभव आहे.

पेरणीविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण कोरडवाहू शेतकऱ्याचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे नुकसान दुबार पेरणीत होते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की शेजारी तिफण धरतो आणि मग कोणालाच राहवत नाही. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय पेरू नये, ही कृषी विभागाची शिफारस सर्वांना तोंडपाठ आहे. तरीही ती पाळली जात नाही, कारण आपल्या शेतात नेमका किती पाऊस पडला हे कोणालाच माहीत नसते. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरचा आकडा गावाचा नसतो. गावच्या दोन-तीन दिशांना साधी पर्जन्यमापके बसवून रोजचा आकडा शाळेच्या फळ्यावर आणि गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणे हे काम क्षुल्लक वाटते. मात्र तेवढ्याने पेरणीचा निर्णय शेजाऱ्याकडे पाहून घेण्याऐवजी आकड्याकडे पाहून घेता येतो.

बियाण्याचेही असेच आहे. सोयाबीन हे स्वपरागीत पीक असल्याने शेतकऱ्याला घरचे बियाणे वापरता येते. दरवर्षी महागडी पिशवी घेण्याची गरज नसते. फक्त मळणीत आणि साठवणीत दाण्याचे नाजूक आवरण फुटलेले नसावे लागते आणि उगवण तपासून घ्यावी लागते. गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडावेत, वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून अधूनमधून पाणी शिंपडावे आणि सहा-सात दिवसांनी निकोप कोंब मोजावेत. सत्तर किंवा त्याहून अधिक आले तर एकरी तीस किलोच्या शिफारशीप्रमाणे पेरावे. थोडे कमी आले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. फारच कमी आले तर ते तेलाच्या घाण्याकडे द्यावे. मे महिन्यात प्रत्येक घरी ही गुंडाळी दिसेल, एवढी व्यवस्था लावणे ही आपल्या निधीतील सर्वांत स्वस्त तरतूद असेल.

सोयाबीनच्या सपाट लाटेबद्दल मात्र मला काळजी वाटते. नगदी पैसा देणारे पीक म्हणून ते आले आणि त्याने ज्वारी, बाजरी, मूग, उडीद यांची जागा घेतली. सोयाबीनच्या भुसाला ज्वारीच्या कडब्याची सर येत नाही. दुष्काळी वर्षात घरचा कडबा असला की जनावरे टिकतात, आणि जनावरे टिकली की दुधाचे पैसे आणि पुढच्या हंगामाचे शेणखत टिकते. कडबा नसला की चारा छावणी किंवा बाजार एवढेच मार्ग उरतात. म्हणून सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेण्याबरोबरच रब्बीत थोडे तरी क्षेत्र मालदांडी, परभणी मोती किंवा फुले रेवती यांसारख्या ज्वारीखाली जमिनीच्या खोलीप्रमाणे ठेवावे, असा आग्रह मी धरतो. सरासरी वर्षाच्या नफ्याच्या तक्त्यात हे क्षेत्र तोट्याचे दिसेल, हे मला मान्य आहे.

आता शेततळ्याकडे येतो, कारण संचालक मंडळांना ते फार आवडते: फोटो येतो, फलक लागतो, संख्या मोजता येते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात बाजूंचे उतार धरून सुमारे बावीसशे घनमीटर पाणी मावते. शेंगा भरण्याच्या वेळी खंड पडला आणि पन्नास मिलिमीटरचे एक संरक्षित पाणी द्यायचे ठरवले, तर हे पाणी साधारण चार हेक्टरांना पुरते. ओढ्याचे किंवा शेतातून वाहणारे पावसाचे पाणी अडवून, ते त्याच खरिपात वापरण्यासाठी तळे असेल, तर मी त्याला निःसंकोच पाठिंबा देतो.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी वेगळेच घडते. तळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालतात आणि पावसाळ्याच्या अखेरीस विहिरीतून किंवा बोअरमधून पाणी उपसून ते भरतात. भूगर्भात सावलीत असलेले सामाईक पाणी अशा रीतीने एका सातबाऱ्यावर उन्हात आणून ठेवले जाते. मराठवाड्यात ऑक्टोबर ते मे या काळात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून एक मीटरहून अधिक पाण्याची वाफ होते; तीन मीटर खोल तळ्याच्या हिशेबात हा वाटा किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको. ज्याच्याकडे भांडवल आहे तो आधी आणि अधिक उपसतो, शेजारच्या विहिरी लवकर आटतात, आणि तळ्याच्या भरवशावर द्राक्षे किंवा मोसंबी लावली गेली की पुढच्या दुष्काळात ती जगवण्यासाठी टँकर विकत घ्यावे लागतात. २०१२-१३च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद पट्ट्यात मोसंबीच्या बागांचे जे झाले, ते तिथल्या कोणालाही विचारावे. ज्या उपायाने वाईट वर्ष अधिक वाईट होते, त्याला हवामान अनुकूलन म्हणता येत नाही.

जालन्याजवळचे कडवंची हे गाव शेततळ्यांचे उदाहरण म्हणून नेहमी दाखवले जाते आणि ते पाहायला जावेच. परंतु तिथे द्राक्षे आणि तळी येण्याच्या आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती आणि चर यांचे पाणलोटाचे काम झालेले होते. तिथे जाऊन आलेली मंडळी नक्कल मात्र फक्त तळ्यांची करतात.

ठिबकाच्या बाबतीतही सावध राहावे. एका शेतात ठिबकाने पाणी नक्कीच वाचते, परंतु वाचलेले पाणी विहिरीत राहत नाही. त्यावर आणखी दोन एकर भिजवले जातात किंवा अधिक पाणी पिणारे पीक येते. मोरोक्कोपासून भारतापर्यंत अनेक ठिकाणी अनुदानित ठिबकानंतर एकूण उपसा घटलाच असे दिसलेले नाही. उपशावर गावाने काही मर्यादा घातली असेल, तरच ठिबक हे बचतीचे साधन ठरते.

म्हणून जालन्यातील निधीचा गाभा पाण्याचा ताळेबंद हा असावा. हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारात सातशे मिलिमीटर पाऊस म्हणजे सातशे कोटी लिटर. त्यातले किती वाहून गेले, किती मातीत राहिले, किती भूजलात उतरले, हे जमिनीच्या प्रकारावरून आणि निरीक्षण विहिरींच्या पातळीवरून ताडता येते आणि ऑक्टोबरमध्ये रब्बीचे क्षेत्र त्यावरून ठरवता येते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात सुमारे पाच हजार गावांसाठी असे ताळेबंद मांडले गेले आणि त्याची पद्धत बसवण्यात पवईच्या आयआयटीचा वाटा होता. जालना जिल्हा त्या प्रकल्पात असल्याने आपल्या गावांचे आराखडे कदाचित तयारही असतील. ते आधी मिळवावेत, नव्याने सल्लागार नेमू नयेत.

आकडे मांडणे हा सोपा भाग आहे; त्यावरून कोणाला तरी नाही म्हणणे अवघड. हिवरे बाजारने ते केले, म्हणूनच ते उदाहरण ठरले: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि कमी पावसाच्या वर्षात कोणते पीक किती घ्यायचे याचा निर्णय ग्रामसभेत. त्याही आधी, १९७२च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे जे तत्त्व मांडले ते आजही जगातल्या कोणत्याही अनुकूलन प्रकल्पापेक्षा धाडसी वाटते. त्यांनी पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवला, भूमिहीनांनाही हक्क दिला आणि उसाला बंदी केली. ही दोन्ही उदाहरणे सर्वत्र पसरली नाहीत, हेही खरे आहे. तिथे नेतृत्व होते, दीर्घ काळ होता आणि गावाने स्वतःहून लावून घेतलेली शिस्त होती. तीन वर्षांच्या निधीत यातले काहीच विकत घेता येत नाही. तरी निरीक्षण विहिरी, पर्जन्यमापके आणि हिशेब मांडणारा गावातलाच एक तरुण किंवा तरुणी एवढ्याची सोय करता येते, आणि ती झाल्याशिवाय शिस्तीचा प्रश्न ग्रामसभेपुढे येतच नाही.

इतर देशांतील अनुभवांपैकी दोन-तीनच येथे घेतो. बुर्किना फासोच्या यातेंगा भागातील शेतकरी याकुबा सावादोगो यांनी ‘झाई’ या जुन्या पद्धतीत सुधारणा केली. कडक, पापुद्रा धरलेल्या पडीक जमिनीत उन्हाळ्यात वीतभर रुंद आणि त्याहून उथळ असे खड्डे खणायचे, त्यांत शेणखत घालायचे आणि पहिल्या पावसाचे पाणी तिथेच अडवून ज्वारी-बाजरी लावायची. त्यातून ओसाड जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या आणि २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. मात्र त्याला हेक्टरी शेकडो तासांचे श्रम लागतात, आणि जालन्याच्या भारी काळ्या जमिनीत तसे खड्डे केले तर पाणी तुंबून पीक पिवळे पडेल. मुरमाड माळावर, फळझाडांच्या किंवा चाऱ्याच्या लागवडीसाठी, तेच तत्त्व चालेल.

नायजरचा अनुभव मला अधिक बोधप्रद वाटतो. तिथल्या मारादी भागात १९८०च्या दशकापासून शेतकऱ्यांनी नवी झाडे लावण्याऐवजी शेतातल्या जुन्या खोडांना फुटणारे धुमारे राखायला सुरुवात केली. चांगला धुमारा ठेवायचा, बाकीचे छाटायचे, गुरांपासून जपायचे. कालांतराने सुमारे पन्नास लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडोरा परतला. तंत्र नवे नव्हते. पूर्वी कायद्याने झाड सरकारचे मानले जाई, त्यामुळे शेतकरी रोप दिसताच उपटत असे; झाडावर आपला हक्क आहे हे व्यवहारात स्पष्ट झाले तेव्हा त्याने ते राखले. आपल्याकडेही वृक्षारोपणाच्या कार्यक्रमावर पैसे खर्च करण्याआधी, बांधावरचे झाड पुढे तोडायचे झाल्यास शेतकऱ्याला किती कचेऱ्या चढाव्या लागतात, एवढे विचारून पाहावे. वाटलेली रोपे का जगत नाहीत, याचे अर्धे उत्तर तिथेच मिळेल.

बियाण्यांच्या बाबतीत सर्वांत भक्कम यश पाण्याखाली तग धरणाऱ्या भाताचे आहे. ओडिशातील एका पारंपरिक वाणापासून निवडलेल्या एफआर १३ ए मधील सब-१ हा जनुकभाग फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या कामातून लोकप्रिय ‘स्वर्णा’ वाणात आणला गेला आणि २००९ मध्ये ‘स्वर्णा सब-१’ भारतात प्रसारित झाला. साधारण दोन आठवडे पूर्ण बुडूनही हे पीक पुन्हा उभे राहते, आणि पूर न आलेल्या वर्षात उत्पन्नात घट येत नाही. शेतकऱ्याला परिचित असलेल्या वाणातच सहनशक्ती घातल्यामुळे ते पसरले. परंतु पेण-अलिबागला हेच बियाणे वाटावे असे मी म्हणणार नाही, कारण तिथला मुख्य शत्रू गोड्या पाण्याचा पूर नसून खारे पाणी आहे.

पेण-अलिबागच्या खारभूमीत भातशेती उभी आहे ती मातीच्या बांधांवर आणि त्यांतील उघाड्यांवर, म्हणजे पाण्याच्या दारांवर. भरतीला उघाडीचे दार मिटते, ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर पडते. एखाद्या उधाणाला बांधाला खांड पडली की समुद्राचे पाणी आत येते आणि क्षार पावसाने धुऊन जाईपर्यंत पुढचे दोन-तीन हंगाम शेत हातचे जाते. पूर्वी गावकरी एकत्र येऊन दरवर्षी बांधांची डागडुजी करत. पुढे ते काम सरकारी खात्याकडे गेले, आणि तरुण मंडळी मुंबईला किंवा जवळच्या कारखान्यांत नोकरीला लागल्याने हातही कमी झाले. आता समुद्राची पातळी वाढत असताना खांड वेळेवर बुजवणे हेच पहिले अनुकूलन आहे. त्यात एक नवा पेच आहे. खांड तशीच राहिली की शेतात कांदळवन उगवते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर ते न्यायालयाच्या परवानगीशिवाय हटवता येत नाही. कांदळवनाचे संरक्षण योग्यच आहे, परंतु बांध दुरुस्तीतील दिरंगाईची किंमत शेतकऱ्याने कायमची जमीन गमावून मोजावी, हे योग्य नाही. खांड पडल्यापासून काही दिवसांत बुजवता यावी यासाठी गावाच्या ताब्यात एक फिरता निधी ठेवणे, हा आपल्या कंपनीला रायगडमध्ये करता येण्याजोगा सर्वांत उपयुक्त खर्च आहे.

वाणांत पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने दिलेले पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ उपलब्ध आहेत आणि राता, भुरा राता यांसारखे जुने क्षारसहनशील वाण काही शेतकऱ्यांकडे अजून सापडतात. ते जपण्यासाठी गावातच बियाण्याची साठवण करावी. शेततळ्यातला जिताडा मासा हा तिथला जुना जोडधंदा असून भात गेलेल्या वर्षीही तो हाती पैसा देतो. गोड्या पाण्याच्या भातखाचरांसाठी नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राइस तंत्र पाहून यावे. कर्जत लोकलने संचालक मंडळालाही नेता येईल. त्यात नांगरणी, चिखलणी आणि लावणी नसते. कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर लोखंडी साच्याने छिद्रे पाडून बी टोकतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू देतात. जूनचा पाऊस लांबला की राबावरची (रोपवाटिकेतली) रोपे लावणीचे वय ओलांडतात आणि लावणी फसते, ती अडचण यात मुळातच उरत नाही, मजुरीही वाचते. तणनाशकावरचे अवलंबित्व ही त्याची मला खटकणारी बाजू आहे, आणि पहिल्या दोन वर्षांत तणाचा बंदोबस्त नीट झाला नाही तर शेतकरी परत चिखलणीकडे वळतो.

विम्याबद्दल मुंबईकरांना समजावणे सोपे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात, ७५ मिलिमीटरही नाही. हवामानावर आधारित विम्यात भरपाई महसूल मंडळातील केंद्राच्या नोंदीवरून ठरते, आणि एका मंडळात वीसेक गावे असू शकतात. आपले शेत सांताक्रूझ आणि केंद्र कुलाबा असेल, तर नुकसान होऊनही भरपाई शून्य. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत पीक कापणी प्रयोगांवरून मंडळाचे सरासरी उत्पन्न काढतात, तिथेही हीच अडचण वेगळ्या रूपात राहते. राज्याने २०२३ मध्ये आणलेला एक रुपयाचा विमा २०२५ मध्ये मागे घेतला आणि खरिपातील अन्नधान्य आणि तेलबिया पिकांसाठी शेतकऱ्याला विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंतचा हप्ता पुन्हा भरावा लागू लागला. कंपनीने हप्ता भरण्यात पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कागदपत्रे, पीक पाहणीची नोंद, मुदतीत तक्रार आणि कापणी प्रयोगाच्या वेळी गावाचा माणूस हजर राहणे, यासाठी एक मदतनीस नेमावा; त्याचा परतावा कितीतरी अधिक असतो.

हाच मदतनीस बँकेच्या कामीही येतो. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास पीककर्जाच्या पुनर्गठनाची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे, परंतु शाखेत जाऊन ती मागणारा शेतकरी विरळा. बटईने किंवा मक्त्याने कसणाऱ्याला तर कर्ज, विमा आणि भरपाई यांपैकी काहीच सहजी मिळत नाही, कारण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे असते. नवरा पुण्या-मुंबईला गेल्यावर शेत पाहणाऱ्या बाईचीही तीच गत असते. लाभार्थी ठरवताना सातबारा मागितला की ज्यांना वाईट वर्षाचा फटका सर्वांत आधी बसतो तेच यादीतून गळतात. म्हणून अवजारे, बियाणे आणि शेळ्या-कोंबड्यांसारखी मदत ‘कसतो कोण’ यावरून द्यावी आणि त्यासाठी ग्रामसभेची यादी ग्राह्य धरावी.

तेव्हा संचालक मंडळापुढे प्रस्ताव नेताना चारांपैकी एक-दोन निवडण्याऐवजी गावनिहाय मागणी मांडावी. जालन्यात पहिल्या वर्षी पर्जन्यमापके, निरीक्षण विहिरी, बियाणे तपासणी आणि अवजार बँक. दुसऱ्या वर्षापासून माथ्याकडून पायथ्याकडे बांधबंदिस्ती, आणि शेततळी फक्त पावसाच्या पाण्याची, अस्तराविना किंवा उपसून न भरण्याच्या लेखी अटीवर. रायगडमध्ये बांधांचा फिरता निधी आणि बियाणे. दोन्हीकडे एकेक मदतनीस, ज्याचे मानधन प्रकल्प संपल्यावर आणखी दोन वर्षे चालेल अशी तरतूद आत्ताच बाजूला काढून ठेवावी. अहवालाच्या नमुन्यात एक रकाना वाढवून घ्यावा: या तीन वर्षांत मोठा खंड किंवा उधाण आले का? आले असेल तर त्या वर्षी किती घरांनी जनावरे विकली, किती घरांतून माणसे कामाला बाहेर गेली आणि किती विहिरींना फेब्रुवारीत पाणी होते, याची नोंद शेजारच्या, प्रकल्पात नसलेल्या गावाच्या नोंदीसह द्यावी. तिन्ही वर्षे पाऊस चांगला झाला असेल, तर उत्पन्नवाढीचे श्रेय न घेता, कामाची कसोटी अजून लागायची आहे एवढेच अहवालात लिहावे.